त्याच्या आवाजाचा लॅपटॉप

४ जून

ताई,

पत्र मुद्दाम तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर आईंनी तुम्हाला ते मोठ्यानं वाचायला लावलं असतं. फोनवर बोलायचं तर तिकडे आईंचे कान आणि इकडे तुमच्या भावाचे. मोबाइलवर अंगठ्यानं एवढं लिहिणं मला जमत नाही, आणि घरातला कंप्युटर म्हणजे याचं तोंड आहे, ते माझ्या कामासाठी कसं घेऊ?

काम त्या कंप्युटरचंच आहे. लिफ्टच्या कंपनीतून निघताना याला दिलेला तोच जाडजूड काळा लॅपटॉप. तुम्ही मागे लागलात म्हणून यानं आवाज शाबूत होता तेव्हाच त्यात वाक्यंच्या वाक्यं वाचून ठेवली. आता जीभ गेली, हात गेले. पडद्यावरच्या अक्षरांवर डोळे टेकवत जातो आणि लॅपटॉप याच्या आवाजात बोलतो. गेल्या वर्षी ते बरं चाललं होतं. आता लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो आणि वाक्य मध्येच अडकतं. कधी अर्धंच येतं, कधी इतकं उशिरा येतं की विचारलं कुणी आणि काय, हेच लोक विसरलेले असतात.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली म्हणून सांगत होत्या. यानं उत्तर जुळवायला घेतलं. तोवर काकू त्यांच्या सासऱ्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनवर पोचल्या होत्या आणि लॅपटॉप बोलला, "माल जुना आहे, दोर तुटायच्या आत बदलून टाका." काकू उठून गेल्या. मी हसले, पण तो हसत नव्हता. विनोद हेच तर त्याचं सगळं होतं.

आणि गेल्या रविवारचा आईंचा फोन. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या, इकडून नुसता पंखा. "विमानात बसलायस का रे?" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. आपण त्यांना फक्त पाठीचं दुखणं सांगितलंय. त्यांचा समज झालाय का की तो रागावलाय?

काही करता येईल का, सांगा.

तुमची चष्मेवाली


९ जून

चष्मेवाले,

समज झालाय. "मी काय बोलले गं त्याला?" असं रोज विचारते. दिसत नाही म्हणून तिला काही कळत नाही असं आपण धरून चाललो, पण न बोलणं तिला चांगलंच ऐकू येतं.

नवा लॅपटॉप घ्यायचा विचार डोक्यातून काढ. तो आवाजाचा प्रोग्राम काढणारी कंपनी कधीच गुंडाळली गेली, दुसऱ्या मशीनवर तो चढत नाही. हेच मशीन धडधाकट करायचं. माझ्याकडे पाठव असंही म्हणणार नाही, कारण जाऊन येऊन तेवढे दिवस ठोंब्या मुका राहील. म्हणजे करायचं तू. घाबरू नकोस. विमा कचेरीतले असले म्हातारे लॅपटॉप मी रोज उघडते. ऑफिससाठी बनवलेले लॅपटॉप दिसायला रेड्यासारखे असतात, पण उघडायला गरीब. आणि तू चष्म्याच्या दुकानात दिवसभर मुंगीएवढे स्क्रू पिळतेस, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

सोबतच्या खोक्यात नवी डिस्क, मेमरी वाढवणारी रॅमची पट्टी आणि लेपाची नळी आहे. जुनी डिस्क आतल्या आत गरगरते, तिला एकेक गोष्ट शोधून आणावी लागते. नवीत फिरणारं काही नाही, मागितलं की दिलं. आधी तिला वायरनं बाहेरून जोड आणि मी दिलेल्या प्रोग्रामनं जुनीची हुबेहूब नक्कल काढ, म्हणजे आवाजासकट सगळं जागच्या जागी राहील. मगच लॅपटॉप बंद करून उघड. पहिल्यांदा बॅटरीची पिन काढायची, हे विसरलीस तर मी तुझी नणंद नाही. रॅमची पट्टी रिकाम्या खाचेत तिरकी घालून खाली दाब, टक् आवाज येईल. मग पंखा काढून ब्रशनं साफ कर. प्रोसेसरवर एक तांब्याचा पत्रा असतो, त्याच्याखालचा जुना लेप वाळून खडखडीत झालेला असणार. तो पुसून नळीतला नवा लाव, मुगाच्या दाण्याएवढाच. हौसेनं थापू नकोस. उष्णता बाहेर जायला वाट त्याच लेपानं मिळते.

झालं की कळव. आईला सांगितलंय, त्याचा फोन दुरुस्तीला गेलाय.

ताई


१७ जून

ताई,

झालं.

नक्कल निघायला अख्खी सकाळ गेली. लॅपटॉप इतका तापला होता की टेबलफॅन त्याच्या तोंडावर लावून ठेवला. मग याला म्हटलं, "आता थोडा वेळ तुझं बोलणं बंद. चालेल ना?" पापणी एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. त्यानं एकदा मिटली, पण फार सावकाश.

खुर्ची टेबलाजवळ ओढून त्याला दिसेल असं बसवलं. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घातली, म्हणजे पडलेला स्क्रू लगेच दिसेल. झाकण निघालं. बॅटरीची पिन पहिल्यांदा काढली, तेव्हा अजून नणंद आहात. पंख्याच्या तोंडाशी राखाडी कापसाची जाड वळी बसली होती, चिमटीत धरून ओढली तर सलग निघाली. त्याला दाखवली. इतके दिवस बिचारा लॅपटॉप नाकावर उशी ठेवून श्वास घेत होता. लेप भिंतीच्या जुन्या रंगासारखा खपल्या धरून होता. रॅमची पट्टी टक् वाजेना, मी घाबरून काढली, याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे पट्टीवरून खाचेकडे नेले आणि परत आणले. उलटी धरली होती मी. फिरवून घातली, वाजली.

सगळं लावून बटण दाबलं. मी पदराला हात पुसेपर्यंत पडदा लागला होता. पंखा चालू आहे का, ते कान लावून पाहावं लागलं. डोळ्यांचा कॅमेरा लावला. त्यानं जुळवलं आणि तिथल्या तिथे, त्याच्या आवाजात,

"एक स्क्रू उरलाय."

मी चादर झटकली, टेबलाखाली वाकले, गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली. वर पाहिलं तर डोळे हसत होते.

ताई, मी तिथेच फरशीवर बसून राहिले. विनोद वेळेवर आला होता.

रविवारी अकराच्या सुमारास तो आईंना फोन करणार आहे. आईंना जवळ बसवा.

चष्मेवाली


५ जुलै

चष्मेवाले,

काय सांगू तुला. फोन आला आणि आईनं उचलला. मी दारात उभी होते, माझा जीव टांगणीला. आणि तिकडून ठोंब्याचा आवाज, "काय म्हातारे, पेन्शन उधळतेस की नाही?" आईनं त्याला ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मग तिचं सुरू झालं. गुडघा, मोतीबिंदू, मी किती तिखटजाळ बोलते. तो मध्ये मध्ये बोलत होता, अगदी जागच्या जागी. एकदा तिनं विचारलं, "पाठ कशी आहे?" तर म्हणाला, "लिफ्टसारखी. वर जाते, मध्येच थांबते." मी आत जाऊन नळ सोडून रडले.

फोन झाल्यावर ती दोनदा जेवायला बसली. पहिल्यांदा जेवलेली विसरली होती म्हणे. खोटं बोलते, भूक लागली होती.

त्यानंतरच्या रविवारीही तसंच. आता ती रविवारी न्हाऊन, केस विंचरून फोनपाशी बसते. तो काय पाहणार आहे?

मशीन तापत नाही ना? तापलं तर मागून काहीतरी जाड ठेवून उंच कर, खालून हवा गेली पाहिजे. आणि तुझ्या पत्रात लॅपटॉपचं सगळं असतं. तो कसा आहे, ते नाही लिहिलंस.

ताई


१९ जुलै

ताई,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला.

तुम्ही विचारलंत तो कसा आहे. झोपेत श्वास पुरत नाही. सकाळी उठतो तो दमलेलाच. डॉक्टरांनी विचारलं होतं, पुढे घशाला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं का, ठरवून ठेवा. हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, कारण मी आमच्या दोघांच्या वतीनं मनात हो म्हणून टाकलं होतं.

लॅपटॉप अडकायचा तेव्हा तो सारखा "मला नको" म्हणायचा आणि पुढचं यायचंच नाही. मी उशी काढायचे. पुढच्या वेळी टीव्ही बंद करायचे. खिडकी लावायचे, सूप परत न्यायचे. मला वाटायचं, किती चिडचिडा झालाय.

गेल्या आठवड्यात ते वाक्य पूर्ण आलं. "घशातलं मशीन मला नको. कितीदा सांगतोय."

मी म्हटलं, "उद्या बोलू."

"आता मी पटकन बोलतो. तुला उद्यावर टाकता येणार नाही."

मी म्हटलं, "आईंचा विचार केलास?"

"केला."

"माझा?"

त्याला जरा वेळ लागला. लॅपटॉपला नाही, त्याला. "तुझाच जास्त केला. पण अंग माझं आहे गं. त्यात आता मी डोळ्यांपुरताच उरलोय, आणि तेही दमायला लागलेत. डोळे थांबले की मी आत कोंडलेला राहीन आणि तुम्ही बाहेर मशीन चालू आहे म्हणून खूश."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेलीच होती, परत घासली.

ताई, ती कापसाची वळी मीच ओढून काढली. लेप मीच लावला. ज्या वाक्यासाठी ते सगळं केलं असं वाटत होतं ते हे नव्हतं. कधीकधी वाटतं, राहू द्यायला हवा होता तापलेला. मी उश्या काढत बसले असते.

आईंना आता खरं सांगायला हवं. ते तुम्ही करा, माझ्यानं होणार नाही.

चष्मेवाली


२४ जुलै

चष्मेवाले,

काहीतरीच काय. माणूस दमला की असं बोलतो. मी चौकशी केलीय, मशीन लावलेली माणसं वर्षानुवर्षं जगतात. त्याला सांग. नीट सांग. तू स्वयंपाकघरात पळून गेलीस तर कोण सांगणार?

सोबत लॅपटॉपखाली ठेवायचा स्टँड पाठवतेय, त्याला दोन पंखे आहेत, वायर लॅपटॉपलाच लागते. रॅमची आणखी मोठी पट्टी मिळतेय, तीही पाठवते. डोळ्यांचा कॅमेरा नवा घेऊ, म्हणजे डोळे दमणार नाहीत. दमायचं कारण तो कॅमेराच असणार. प्रत्येक गोष्टीवर काहीतरी उपाय असतो, तो शोधत नाही माणूस.

आईला मी काहीही सांगणार नाही. रविवार तिच्याकडून काढून घ्यायला मला सांगू नकोस.

ताई


३० जुलै
(ऑफिसच्या ईमेलवर)

ताई,

हे मीच लिहितोय, डोळ्यांनी. बायको समोर बसून वाचत नाहीये असं दाखवतेय.

स्टँड मिळाला. लॅपटॉप इतका गार झालाय की त्याला स्वेटर विणायला सांगणार होतो. मोठी पट्टी पाठवू नकोस, त्याचं भागतंय. कॅमेराही ठीक आहे. ताई, बिघाड मशीनमध्ये नाही. तुला हे माहीत आहे. लहानपणी रेडिओ बंद पडला की तू तो पूर्ण उघडून परत लावायचीस आणि वीज गेलीय हे कबूल करायची नाहीस.

तिला ओरडू नकोस. ती पळून जात नाही. स्वयंपाकघरापर्यंतच जाते आणि परत येते, दर वेळी. मी तिला खूप त्रास दिला आणि अजून थोडा देणार आहे.

तू लॅपटॉप नीट करायला लावलास म्हणून मला आईशी भांडता आलं, बायकोला फरशीवर रांगायला लावता आलं आणि नको म्हणता आलं. एवढं पुष्कळ झालं. आईला कधी सांगायचं ते तू ठरव. तुला जमेल तेव्हा. घाई नाही, निदान तुला नाही.

एकदा ये. ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांग तिला, तुझ्यावर तिचा विश्वास आहे.

ठोंब्या


१६ सप्टेंबर

चष्मेवाले,

घरी पोचून दोन आठवडे होत आले. आल्या आल्या आईनं विचारलं, ट्रेनिंग कसं झालं. म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, आवाज बसलाय तुझा. म्हटलं, तिथे एसी फार होता.

तुझ्याकडे मी नीट काही बोलले नाही. लोक होते, आणि ते सगळे गेल्यावर तू त्याच्या उशीचे अभ्रे धुवायला घेतलेस, तेव्हा तुझ्याजवळ यायची हिंमत झाली नाही. तो शांतपणे गेला, हे मी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. तुझा हात त्याच्या गालावर होता. मी पायांशी उभी होते. तुला पत्रातून ओरडले, ते विसर.

आता जे लिहितेय ते वाचून रागावशील. रविवारी आई विंचरून बसली. फोन आला नाही. मी म्हटलं, तिकडे लाइन गेलीय. पुढच्या रविवारी परत बसली, मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा काय सांगू? मी सांगायला तिच्यासमोर बसते आणि तोंडातून निघतं, "चहा घेणार का?"

लॅपटॉप तुझ्याकडे आहे. आवाज त्यातच आहे. डोळ्यांनी लिहिलं काय आणि बोटांनी लिहिलं काय, तो त्याच आवाजात बोलतो. एकच फोन कर. लांबच्या कामावर जातोय, तिथे फोन लागत नाही, एवढंच म्हणू दे त्याला. तिला महिना मिळेल, मलाही मिळेल. तोवर मी सांगायचं बळ आणते कुठून तरी.

हे पाप आहे का, मला माहीत नाही. तुला जमत नसेल तर हे पत्र फाडून टाक, मी परत म्हणणार नाही.

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

फोन केला. काल, तुम्ही ऑफिसात असताना. रविवारी तुम्ही दारात उभ्या असता, ते मला नको होतं.

तो गेल्यापासून लॅपटॉप उघडला नव्हता. तुमचं पत्र आल्यावरही बरेच दिवस नुसता पुसून ठेवत होते. काल उघडला. लगेच सुरू झाला, जराही आवाज न करता. मी बोटांनी लिहिलं: "आई, मी लांबच्या कामावर जातोय. तिथे फोन लागणार नाही. काळजी करू नकोस." एकदा ऐकून पाहावं म्हणून बटणावर बोट नेलं, पण दाबवेना. आधी फोन लावला, आईंनी उचलला, मग डोळे मिटून दाबलं.

तो बोलला. ताई, तो अगदी तोच होता.

मला वाटलं, लाइन गेली. मग आई म्हणाल्या, "सूनबाई, तू आहेस ना?"

माझ्या तोंडून हो निघून गेलं.

"हे मशीन आहे ते मला पहिल्या रविवारीच कळलं. बोलताना मध्ये श्वास घेत नव्हता. पोटात होता तेव्हापासून ऐकतेय मी त्याला. पण बोलणं त्याचं होतं, म्हणून म्हटलं, चालू दे. त्याला वाटतंय मला कळत नाही, तर वाटू दे. आज आवाज त्याचा आहे, बोलणं त्याचं नाही. मला कधी 'काळजी करू नकोस' म्हणालाय तो?"

मी लॅपटॉप मिटला.

"कधी गेला?"

सांगितलं. सगळंच सांगितलं. आजार, घशातलं मशीन, त्यानं नाही म्हटलं ते. वाटलं होतं, मला बोल लावतील. त्या मध्ये मध्ये "हं" म्हणत होत्या, लहान मुलाचं ऐकावं तसं. शेवटी एवढंच विचारलं, "भीती वाटली का गं त्याला?" मी म्हटलं, नाही वाटली. हे खरं आहे की नाही मला माहीत नाही, ताई, पण त्याच्या डोळ्यांत मला दिसली नाही.

फोन कुणी ठेवला ते आठवत नाही.

'शेवटी एवढंच विचारलं' असं मी मघाशी लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. ठेवण्याआधी आईंनी माझ्याकडून एक वचन घेतलं होतं. "तुझ्या नणंदेला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तिला वाटतंय ती मला सांभाळतेय. त्याच्यावरच उभी आहे ती." मी हो म्हटलं. आज सकाळपासून ते हो घेऊन फिरतेय. पण या घरात आता पुरे झालं. एकमेकांना जपायचं म्हणून आपण सगळ्यांनी प्रत्येकाला एकटं पाडलंय.

तुम्ही ट्रेनिंगहून आलात आणि आवाज बसलेला होता, तेव्हाच त्यांना संशय आला होता. तेव्हापासून रोज तुम्ही ऑफिसला गेलात की त्या रडतात. तुमची यायची वेळ झाली की तोंड धुतात, केस विंचरतात आणि बसतात.

हे वाचून झालं की आज लवकर घरी जा. त्यांनी तोंड धुवायच्या आत.

चष्मेवाली